खवले मांजर, अस्वल आणि ‘दंतहीन’ पशूंचे गोत्र

आपल्या खानदेशातील कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडला, तर त्यात पाटील आडनावाची मुले पुष्कळ सापडतात. ‘पाटील’ म्हणून हाक मारावी आणि एकाच वर्गात चार-पाच माना एकदम वर व्हाव्यात, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. परंतु ती सर्व मुले एकमेकांची भाऊबंद आहेत असे येथे कोणीही समजत नाही. पाटीलकी हे गावकीचे काम. ज्या घराण्याकडे ते होते, ते घराणे पाटील झाले. बोरीकाठच्या गावचा पाटील आणि तापीपलीकडच्या गावचा पाटील यांचे काम एक, म्हणून मान एक आणि आडनावही एक; रक्तही एकच असेल असे मात्र नाही. म्हणूनच सोयरीक जुळविण्याची वेळ आली म्हणजे घरातील वडील मंडळी आडनावावर थांबत नाहीत. कूळ कोणते, मूळ गाव कोणते, आजोळ कोठले, हे खोदून विचारतात.

प्राणिशास्त्रातही नेमकी हीच अडचण आहे. दोन प्राणी सारखे दिसतात. ते साम्य एका पूर्वजाकडून आले, की एकच धंदा करून आले? ह्या प्रश्नाने शास्त्रज्ञांस दोन शतकांहून अधिक काळ चकविले. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्माडिलो ह्या दक्षिण अमेरिकेतील तीन प्राण्यांचे वर्गीकरण होय. हे प्राणी आपल्याकडे नाहीत, मग त्यांच्याशी आपला संबंध काय, असे विद्यार्थी विचारतील. संबंध आहे. आपल्या सातपुड्यात राहणारे दोन पशू ह्याच मंडळींचे नातलग म्हणून एकेकाळी ग्रंथांत नोंदले गेले होते.

प्रथम धंद्याचा विचार करू. मुंग्या व वाळवी हे अन्न जगातील उष्ण प्रदेशांत विपुल आहे, परंतु ते वारुळात कोंडलेले असते. ते ज्यास खावयाचे आहे त्यास वारूळ फोडण्यासाठी बळकट नखे हवीत. आत शिरेल असे लांबट तोंड हवे. बिळाबिळांतून फिरेल अशी लांब व चिकट जीभ हवी. दात मात्र फारसे नकोत, कारण वाळवी चावावी लागत नाही. ज्या अवयवाचे काम उरत नाही, तो लक्षावधी वर्षांत क्षीण होत जातो. ह्यामुळे दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊ, आफ्रिकेतील आर्डव्हार्क, ऑस्ट्रेलियातील एकिड्ना आणि आपल्याकडील खवले मांजर हे सारे लांब तोंडाचे, लांब जिभेचे आणि नखांनी उकरणारे झाले. जगातील कोणत्याही गावच्या लोहाराचे दंड पाहिले तरी ते पीळदारच असावयाचे, तसाच हा प्रकार आहे.

स्वीडन देशातील लिनीअस ह्या पंडिताने १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ ह्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांचे गण पाडले. त्यांतील एका गणास त्याने ‘ब्रूटा’, म्हणजे जड किंवा मंदबुद्धी पशू, असे नाव दिले आणि पुढचे दात नसणे हे त्याचे लक्षण ठरविले. ह्या गणात त्याने हत्ती, समुद्रातील मॅनटी, स्लॉथ, मुंगीखाऊ आणि खवले मांजर अशी मोट बांधली. आर्माडिलो तर त्याने डुक्कर, साळूसारखा काटेरी जाहक आणि चिचुंद्री यांच्या पंक्तीस बसविला होता. १७६६ च्या आवृत्तीत तो ‘ब्रूटा’त आला. आज हे वाचून हसू येते. पण लिनीअसजवळ वाळलेली कातडी, थोडी हाडे आणि प्रवाशांची वर्णने याहून फारसे साधन नव्हते हे लक्षात ठेवले पाहिजे. पुढे फ्रान्समधील क्यूव्हिए ह्या विख्यात अस्थिशास्त्रज्ञाने हत्ती व मॅनटी यांस बाहेर काढले आणि उरलेल्यांस ‘इडेन्टाटा’ म्हणजे दंतहीन हे नाव रूढ केले. आर्डव्हार्कही त्यातच गेला.

हे नाव शंभरावर वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले, आणि ते बहुतेकांच्या बाबतीत खोटे होते. खरोखर दंतहीन असे त्यात दोनच: मुंगीखाऊ आणि खवले मांजर. स्लॉथला पाने चघळण्यापुरते दात आहेत, आर्डव्हार्कला दाढा आहेत, आणि महाकाय आर्माडिलोच्या जबड्यात तर ८० ते १०० दात असतात. इतके दात दुसऱ्या कोणत्याही भूचर सस्तन प्राण्यास नाहीत. दंतहीनांच्या सभेत अध्यक्षच शंभर दातांचा! स्लॉथ व आर्माडिलो यांच्या दातांवर आपल्या दातांसारखे कठीण चकचकीत आवरण नसते, एवढाच त्यांतील विशेष.

आता ह्या तिघांची थोडी ओळख करून घेऊ. महाकाय मुंगीखाऊ शेपटीसह सहा-सात फूट लांब भरतो. त्याची जीभ सुमारे दोन फूट बाहेर येते, आणि पुढील पायांची नखे बोथट होऊ नयेत म्हणून तो मुठी मिटून चालतो. स्लॉथ हा झाडावर उलटा लटकून आयुष्य काढणारा. त्याच्या अंगावरील केसांचा कल पोटाकडून पाठीकडे असतो, म्हणजे पावसाचे पाणी सरळ ओघळून जाते. त्या केसांत हिरवे शेवाळ वाढते व प्राणी पानांत दिसेनासा होतो. त्याने खाल्लेली पाने पचावयास कित्येक दिवस लागतात. तीन बोटांचा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदा, मलविसर्जनासाठी, खाली उतरतो. जिराफापासून उंदरापर्यंत बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात. तीन बोटांच्या स्लॉथला आठ किंवा नऊ असतात, तर दोन बोटांच्यास पुष्कळदा सहाच. आर्माडिलो ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘लहानसा चिलखतवाला’. त्याच्या पाठीवर हाडांच्या चकत्या पट्ट्यापट्ट्यांनी बसविलेल्या असतात. नऊ पट्ट्यांच्या जातीची मादी एकाच फलित अंड्यापासून झालेली चार सारखी पिल्ले एका वेळी प्रसवते, ती चारही नर किंवा चारही मादी.

लटकणारा स्लॉथ, चालणारा मुंगीखाऊ आणि चिलखती आर्माडिलो. बाहेरून पाहणाऱ्यास हे तिघे सख्खे वाटणार नाहीत. परंतु पाठीचा कणा पाहावा. कमरेच्या मणक्यांना जोडणारे जे नेहमीचे सांधे सर्व सस्तन प्राण्यांत असतात, त्यांखेरीज ह्या तिघांत आणखी काही जादा सांधे सापडतात. कटीच्या हाडाचा मागील भागही त्यांच्या कण्याशी सांधून एकजीव झालेला असतो. उकरणाऱ्या प्राण्यास असा भक्कम कणा उपयोगी पडेल हे खरे. पण जन्मभर फांदीस लटकणाऱ्या स्लॉथच्या कण्यातही त्या सांध्यांच्या खुणा आहेत. जे चिन्ह धंद्यास लागत नाही आणि तरी घराण्यात टिकून राहते, ती साक्ष सर्वांत विश्वसनीय. ह्याच सांध्यांवरून अमेरिकन शास्त्रज्ञ कोप याने १८८९ साली ह्या गणास ‘झेनार्थ्रा’, म्हणजे विलक्षण सांध्यांचे, असे नाव दिले. खवले मांजर व आर्डव्हार्क यांच्या कण्यात असे सांधे नाहीत. दाताच्या अभावावर उभारलेले घर ह्या एका हाडाच्या साक्षीने दुभंगले.

हे घराणे आले कोठून? आपण ज्या काळ्या दगडाच्या विहिरी खणतो, तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या तप्त रसाचा बनला आहे. दख्खनवर व आपल्या खानदेशावर हा रस थरावर थर पसरत होता, साधारण त्याच सुमारास तिकडे दक्षिण अमेरिकेत आर्माडिलोची शाखा स्लॉथ-मुंगीखाऊंच्या शाखेपासून वेगळी झाली असा आजचा हिशेब आहे. स्लॉथ व मुंगीखाऊ त्यानंतर काही लक्ष वर्षांनी नव्हे, तर जवळजवळ एक कोटी वर्षांनी विभक्त झाले. ब्राझीलमधील इताबोराई येथे आर्माडिलोच्या चिलखताच्या चकत्या सापडल्या आहेत, त्या पाच कोटी वर्षांहून जुन्या आहेत. दक्षिण अमेरिका हे त्या काळी व पुढेही दीर्घकाळ एक प्रचंड बेटच होते. चहूंकडे समुद्र, बाहेरचे पशू येण्यास वाट नाही. त्यामुळे हे घराणे तेथेच वाढले, तेथेच त्याला असंख्य शाखा फुटल्या.

त्या शाखांपैकी ज्या वठून गेल्या त्याच अधिक भव्य होत्या. १७८७-८८ च्या सुमारास आर्जेंटिनातील लुहान नदीच्या काठी एक अवाढव्य सांगाडा निघाला व तो माद्रिदच्या राजसंग्रहात पोहोचला. क्यूव्हिएने पॅरिसमध्ये बसून केवळ त्याची चित्रे पाहिली, आणि हा हत्तीएवढा पशू स्लॉथचा भाऊबंद आहे असे १७९६ साली जाहीर करून त्यास ‘मेगाथेरियम’ हे नाव दिले. त्याचा हा निर्णय आजही कायम आहे. दंतहीन हे नाव चालविणारा तोच, आणि हाडांवरून अचूक कुळी सांगणाराही तोच! तरुण चार्ल्स डार्विन १८३२ साली आर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर पुंता आल्ता येथे उतरला, तेव्हा त्यासही अशा भूस्लॉथांची हाडे व आर्माडिलोसारख्या चिलखताचे तुकडे मिळाले. मेलेले चिलखती प्राणी जेथे पुरले आहेत, नेमके तेथेच जिवंत चिलखती प्राणी चालत आहेत, असे का व्हावे? हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला, आणि १८५९ च्या त्याच्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यांत दक्षिण अमेरिकेतील ह्या गोष्टींचा निर्देश आहे. लहान मोटारगाडीएवढा ग्लिप्टोडॉन हाही ह्यातलाच. तो आर्माडिलोचा केवळ शेजारी की घरचाच, हा वाद २०१६ साली त्याच्या एका भाईबंदाच्या जुन्या हाडांतून काढलेल्या आनुवंशिक द्रव्याने, म्हणजे डीएनएने, मिटविला: तो घरचाच.

सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर आली व दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या. भूस्लॉथ व ग्लिप्टोडॉन उत्तरेस गेले; उत्तरेचे वाघासारखे श्वापद, घोडे, उंट दक्षिणेस आले. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी, मनुष्य तेथे पसरल्यावर व हवामान पालटल्यावर हे महापशू मुख्य भूमीवरून नाहीसे झाले. क्यूबासारख्या बेटांवर काही भूस्लॉथ त्यानंतरही हजारो वर्षे तगून होते. आर्माडिलोने मात्र आपला प्रवास चालूच ठेवला आहे. नऊ पट्ट्यांची जात एकोणिसाव्या शतकात टेक्सासमध्ये शिरली आणि आजही उत्तरेस सरकत आहे.

ह्याच जातीचा मनुष्यजातीस एक अनपेक्षित उपयोग झाला, तो येथे सांगितला पाहिजे. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतील हान्सेनने १८७३ साली शोधून काढले. पण ते प्रयोगशाळेतील कोणत्याही खाद्यावर वाढत नाहीत, त्यामुळे औषध-लसींच्या अभ्यासास पुरेसे जंतूच मिळत नसत. आर्माडिलोच्या शरीराची उष्णता आपल्याहून कमी, ३२ ते ३५ अंश सेल्सिअस असते, आणि ह्या जंतूंस थंड अवयव मानवतात. १९७१ साली अमेरिकेत ह्या प्राण्याच्या शरीरात ते जंतू प्रथमच विपुल वाढविता आले. ज्या देशाने कुष्ठरोगाची यातना पिढ्यानुपिढ्या पाहिली, त्या देशातील वाचकांस ह्या वेड्यावाकड्या प्राण्याविषयी थोडी कृतज्ञता वाटल्यास नवल नाही.

आता घरी येऊ. खवले मांजर हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पाहिलेले थोड्यांनी, कारण ते रात्री हिंडते व दिवसा बिळात झोपते. शेपटीसह तीन-चार फूट लांब, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांनी झाकलेले. भय वाटले की ते अंगाचे वेटोळे करून घट्ट गोळा होते. तीन पट्ट्यांचा आर्माडिलोही असाच गोळा होतो. म्हणून दोघांस एका घरचे मानण्याचा मोह होतो. परंतु आर्माडिलोचे कवच हाडाचे आहे, आणि खवले मांजराच्या खवल्यांत हाडाचा अंशही नाही. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचे ते खवले आहेत. त्याच्या जिभेचे मूळ तोंडात नसून छातीच्या हाडाच्या मागच्या टोकाशी आहे. १९०४ साली वेबर ह्या शास्त्रज्ञाने त्यास ‘फोलिडोटा’, म्हणजे खवल्यांचा, असा स्वतंत्र गण दिला.

स्वतंत्र गण मिळाला, तरी सोयरे कोण हे कळले नव्हते. त्याचे उत्तर २००१ च्या सुमारास डीएनएच्या तुलनेने मिळाले, आणि ते ऐकून आम्हांस मराठी भाषेचे कौतुक वाटले. खवले मांजराचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे आप्त म्हणजे मांसभक्षक गण: मांजर, कुत्रा, अस्वल, मुंगूस इत्यादी. लिनीअसने त्यास स्लॉथच्या घरी बसविले; आमच्या खेडुतांनी त्यास मांजर म्हटले; आणि दोघांत खेडूत सत्याच्या अधिक जवळ निघाले! अर्थात हा योगायोग आहे. त्यांनी डीएनए पाहिले नव्हते, आणि हे नाते मांजराशी जितके तितकेच कुत्र्याशीही आहे. दोन्ही शाखा फुटून सात-आठ कोटी वर्षे झाली. तरी हाडांतही एक खूण होती. कवटीच्या आत मोठा मेंदू व लहान मेंदू यांमधील पडदा खवले मांजरात आणि मांसभक्षकांत हाडाचा बनलेला असतो. ती खूण दिसत होती. नखे आणि जीभ यांच्या दिमाखापुढे तिच्याकडे लक्ष कोण देतो? आर्डव्हार्कची कथा तर आणखी विचित्र. तो हत्ती व मॅनटी यांच्या आफ्रिकी घराण्यातला ठरला. जर्मनीतील मेसेल येथील खाणीत सापडलेल्या सुमारे पावणेपाच कोटी वर्षांच्या एका प्राण्यास १९८१ साली दक्षिण अमेरिकी मुंगीखाऊ समजून तसे नावही दिले गेले. पुढील तपासात त्याच्या कण्यात ते विलक्षण सांधे नाहीत असे दिसले, आणि बहुतेक तज्ज्ञ आता त्यास खवले मांजरांच्या बाजूचा मानतात.

दुसरा आपला पशू अस्वल. चोपड्याच्या उत्तरेस व यावलच्या रानात ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांस ते सांगावयास नको. इंग्रजीत ह्या आपल्या अस्वलाला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात, आणि विद्यार्थी कोशात पाहून त्याचे भाषांतर ‘आळशी अस्वल’ असे करतात. त्यामागील हकिकत अशी. १७९१ साली जॉर्ज शॉ ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील ह्या प्राण्याचे वर्णन केले. लांब वाकडी नखे आणि वरच्या जबड्यात पुढील मधले दोन दात नाहीत, एवढ्यावरून त्याने त्यास स्लॉथच्या वंशात घालून ‘ब्रॅडिपस अर्सिनस’, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ, असे नाव दिले. दोनच वर्षांनी मेयर ह्याने त्यास ‘मेलर्सस’, मधाचे अस्वल, असे वेगळे वंशनाम दिले, आणि पुढे ते खरे अस्वल म्हणून मान्य झाले. इंग्रजी नावात मात्र ती चूक चिकटून राहिली. ते दोन दात नसण्याचे कारण पुन्हा धंदाच. अस्वल वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडविते, नाकपुड्या मिटते आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी शोषून घेते. तो आवाज रानात दूरवर ऐकू येतो. आळशी तर ते मुळीच नाही. मनुष्याहून ते वेगाने धावते, आणि मोहाची फुले वेचावयास पहाटे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणजे पाहा, सातपुड्यातील एकाच वारुळाशी येणारे हे दोन पशू खरोखरच दूरचे सोयरे आहेत. पण ज्या घरचे म्हणून त्यांस एकेकाळी नोंदले, त्या घराशी त्या दोघांचाही संबंध नाही.

खवले मांजराविषयी आणखी एक गोष्ट, विशेषतः पालकांसाठी. त्याचे खवले औषधी आहेत, किंवा ते घरात ठेवल्याने धन येते, अशा समजुतीने त्याची हत्या होते व खवले चोरट्या वाटेने परदेशी जातात. नखे कापून टाकणाऱ्या मनुष्याने त्याच द्रव्यासाठी एक जीव मारावा, ह्याला काय म्हणावे? गोळा होऊन बसण्याची त्याची युक्ती वाघापुढे चालते, पोत्यापुढे चालत नाही. मनुष्य त्यास सरळ उचलून नेतो. मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात त्यास पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. त्याची शिकार वा व्यापार करणाऱ्यास कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेत राष्ट्रांनी त्याच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद ठरविला. कोकणात चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था गावोगाव ह्या कामी खटपट करीत आहे, आणि २०२० साली डुगवे गावच्या लोकांनी त्याच्या नावाने ‘खवलोत्सव’ साजरा केला.

सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची शेते आहेत, त्यांस कधी बांधावर वा कोरड्या विहिरीत हा प्राणी आढळला, तर भोवती गर्दी जमवू नये, कुत्री आवरावीत आणि वनखात्यास कळवावे. पिल्लू असेल तर ते आईच्या शेपटीवर बसलेले असते, किंवा तिच्या वेटोळ्यात दडलेले. त्यास वेगळे करू नये. काठी उगारण्याचे तर काहीच कारण नाही. ते चावत नाही. त्यास दातच नाहीत.